शिट्टी नसलेला कुकर

२० जुलै २०२५, रविवार. पुणे

आईसाठी विजेवर चालणारा प्रेशर कुकर आणला. गेलं वर्षभर ती गॅसवर कुकर चढवते आणि ओट्याशेजारी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसून राहते. कानातलं यंत्र घातलं की भांड्यांचा आवाज तिच्या डोक्यात घणघणतो, काढून ठेवलं की शिट्टी ऐकू येत नाही. मग ती शिट्टी डोळ्यांनी बघते. वजन उचललं गेलं, वाफेचा फवारा उडाला, की एक बोट दुमडायचं. ऐंशीच्या घरातल्या बाईने रोज वरण-भातासाठी एवढी राखण करायची, हे मला बघवत नव्हतं. स्वयंपाक सोड असं मात्र मी तिला कधी म्हणाले नाही, म्हणणारही नाही. तिचा हात आणि तिचं माप हे या घराचं जेवण आहे.

सहा लिटरचा घेतला, आतलं भांडं स्टीलचं. स्टीलचं मुद्दाम घेतलं. त्यात फोडणी करता येते, खरकटं घासून काढता येतं. जागा खिडकीजवळची दिली. वर कपाट असेल तर वाफ सोडताना ती थेट प्लायवूडवर जाते आणि दार फुगतं.

२२ जुलै, मंगळवार

ऑफिसातून आल्यावर आधी नुसतं पाणी घालून चालवून बघितला. आई चष्मा लावून समोर बसली होती. आत काय होतं ते कळल्याशिवाय ती कुठल्याही यंत्राला हात लावत नाही, आणि ते बरोबरच आहे.

बुडाला साधारण हजार वॉटची तापणारी तबकडी आहे. पाणी उकळतं, वाफ आधी झाकणातल्या पिनेच्या भोकातून आतली हवा बाहेर ढकलते. वाफेचा जोर वाढला की ती पिन टुणकन वर येते आणि भोक बंद होतं. त्यानंतर वाफेचा एक धागाही बाहेर येत नाही. दाब ठरल्याइतका झाला की वीज आपोआप तुटते, कमी झाला की पुन्हा जोडली जाते. लावलेली मिनिटं दाब तयार झाल्यावर मोजायला सुरुवात होते. दहा मिनिटं लावली तरी आधी दाब चढायला दहा-बारा मिनिटं आणि नंतर उतरायला तेवढीच धरायची. घाईच्या वेळी गॅसवरचा कुकर याच्या आधी होतो. वेळ वाचवायला म्हणून कुणी हा घेत असेल तर त्याला हे आधी सांगायला हवं. वाचते ती राखण.

पुण्यात, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. गॅसवरच्या कुकरमध्ये ते १२० अंशांपर्यंत जातं, विजेच्या बहुतेक कुकरमध्ये ११५च्या आसपास. दाब थोडा कमी, म्हणून मिनिटं थोडी जास्त. एवढाच फरक.

आईने एकच विचारलं, "झालं हे मला कळणार कसं?" मी पिन दाखवली. वर आहे तोवर झाकणाला हात लावायचा नाही, खाली गेली की उघडायचं. "मग ऐकायचं काहीच नाही?" म्हणाली. "नाही आई, बघायचं." तिने मान डोलावली आणि स्टूल उचलून जागेवर ठेवलं.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. आज खरा वरण-भात. बटणांवरची नावं इंग्रजीत, म्हणून मी कागदाच्या पट्ट्यांवर ठळक अक्षरांत लिहून चिकटवली: भात, डाळ, वाफ, बंद.

आमच्याकडे कुकर डब्यांनी लागतो. खाली पाणी, त्यावर जाळी, खालच्या डब्यात डाळ, वरच्यात तांदूळ. यातही तेच चालतं. बुडाशी दीड वाटी पाणी, बरोबर आलेली तिवई, तिच्यावर डबे. तूरडाळ अर्धा तास भिजवलेली, हळद-हिंग आणि चमचाभर तेल घातलेली. तांदूळ धुऊन निथळलेले. दहा मिनिटं लावली आणि दाब आपोआप उतरू दिला. डाळ रवीच्या दोन फेऱ्यांत एकजीव झाली.

तांदूळ थेट मोठ्या भांड्यात शिजवायचा तर पाण्याचं गणित बदलतं. गॅसवर प्रत्येक शिट्टीबरोबर वाफ जाते, म्हणजे पाणी जातं. इथे ते जात नाही. मोकळ्या भातासाठी वाटीला वाटी पाणी पुरतं, आईला लागतो तसा मऊ भात हवा तर दीड वाटी. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावर. आंबटपणात डाळ शिजायला वेळ घेते, हे आईला माझ्या आधीपासून माहीत आहे. यंत्र बदललं म्हणून डाळीचा स्वभाव बदलत नाही.

जेवताना ती सांगत होती: तुरीला तीन शिट्ट्या, हरभऱ्याला सहा, बटाट्याला दोन. मामीकडे मात्र तुरीला पाच लागायच्या. दोघींचंही बरोबर होतं. आच मोठी असली की शिट्ट्या भराभर होतात, बारीक असली की उशिरा. पाणी किती, वजन कसं, डबे किती भरलेले, सगळ्यावर ते अवलंबून. म्हणून प्रत्येक घरचा आकडा वेगळा, आणि तो त्या घरच्या बाईच्या कानात साठवलेला. मिनिटं मात्र लिहून ठेवता येतात, दुसऱ्याला देता येतात. आजपासून वहीच्या शेवटच्या पानावर आईच्या शिट्ट्यांची मिनिटं करून लिहायला घेतली आहेत.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

आज चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, तळायचं नाही. म्हणून पुरणाची दिंडं. कणकेची पुरी लाटायची, मध्ये पुरण, चारी बाजूंनी घडी घालून चौकोनी पुडी, आणि वाफवायची.

दिंडांना दाब नको, नुसती वाफ हवी. दाबाखाली ठेवून वाफ एकदम सोडली तर आतलं पाणी उसळतं आणि पुडी फाटते. म्हणून वाफेची कळ उघडी ठेवली. बुडाशी दोन वाट्या पाणी, तिवईवर तूप लावलेली चाळणी. कळ उघडी असली की यंत्राचं घड्याळ धरून चालत नाही, कारण ते दाबाची वाट बघत राहतं. भिंतीवरच्या घड्याळाने बारा मिनिटं धरली. दिंडं चकचकीत झाली, एकही उलगडलं नाही. वर तूप सोडून नैवेद्य.

हा सण उकडण्या-वाफवण्याचा आहे आणि हे भांडंही त्याच कामाचं आहे. परवाच्या दीपअमावास्येचे कणकेचे दिवे आम्ही मोदकपात्रात केले होते. पुढच्या वर्षी तेही यातच.

२ ऑगस्ट, शनिवार

दुपारी मोड आलेल्या मटकीची उसळ होत होती आणि मध्येच वीज गेली. पिन वर होती. आई घाबरली नाही, मला बोलावून दाखवलं. करायचं काहीच नसतं. आत उष्णता असते, दाब हळूहळू उतरतो, पिन पडली की उघडून बघायचं. मोड आलेल्या कडधान्याला दाबाखाली एक-दोन मिनिटंच लागतात, त्यामुळे मटकी तेवढ्यात झालीसुद्धा. हरभरे असते तर वीज आल्यावर पुन्हा लावावे लागले असते. म्हणून गॅसवरचा कुकर आम्ही माळ्यावर टाकलेला नाही, टाकणारही नाही.

रात्री न्यू जर्सीहून ताईचा फोन. ती तिथे बरीच वर्षं असाच कुकर वापरते. दिवाळीत येताना मोठा आणते म्हणाली. मी नको म्हटलं. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. तिकडचं यंत्र इथे सरळ भिंतीत लावलं तर जळतं, आणि हजार वॉट पेलणारा ट्रान्सफॉर्मर म्हणजे भलं थोरलं धूड. परदेशातून प्रेमाने आणलेले असे कुकर कितीतरी घरांत खोक्यात पडून असतील. त्यापेक्षा ताईने तिची मिनिटं सांगितली, ती लिहून घेतली. भिजवलेले काबुली चणे, वीस ते पंचवीस. भिजवलेला राजमा, तीस. मध्यम आकाराचे अख्खे बटाटे, बारा.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा

नारळीभात. तुपात लवंगा, मग निथळलेले तांदूळ याच भांड्यात परतले, पाणी घातल्यावर उलथन्याने बूड खरवडून घेतलं. हे खरवडणं महत्त्वाचं. बुडाला काही चिकटून राहिलं की तिथली उष्णता वाढते, यंत्राला ते कळतं आणि ते स्वयंपाक थांबवून सूचना देतं. दाट रस्सा, टोमॅटोचा गर, गूळ यांनी हेच होतं.

म्हणून गूळ नंतर. त्याला दुसरंही कारण आहे, आणि ते चुलीइतकं जुनं आहे. तांदूळ पुरता शिजायच्या आत गूळ घातला तर तो पाणी ओढून घेतो आणि शीत आतून टणक राहतं. भात आधी पूर्ण शिजवला, मग गूळ-खोबरं-वेलची घालून झाकण ठेवलं आणि गरम ठेवण्याच्या सोयीवर मुरू दिला. गूळ विरघळला, बूड लागलं नाही.

सकाळी वेळ लावून ठेवायची आणि संध्याकाळी घरी येऊन गरम भात काढायचा, अशीही सोय यात आहे. मी ती जपून वापरते. भिजलेली डाळ, तांदूळ आपल्या हवेत दिवसभर ठेवले तर आंबायला लागतात. दोन-तीन तासांपुरतं ठीक, आणि दूध घातलेलं काही कधीच नाही. शिजलेलं अन्न मात्र ६० अंशांच्या वर राहिलं तर टिकतं. शिजवलेला भात ओट्यावर तासन् तास ठेवण्यापेक्षा हे नक्कीच चांगलं.

१७ ऑगस्ट, रविवार

आज सुटी, म्हणून वाचत बसले. दाबाखाली शिजवायची कल्पना दनी पापँ या फ्रेंच माणसाची. १६७९ साली लंडनला, रॉयल सोसायटीत, त्याने घट्ट झाकणाचं भांडं दाखवलं. हाडं मऊ करायची आणि गरिबांना त्यातलं सत्त्व मिळवून द्यायचं, हा हेतू. दाब फार वाढला तर उचलली जाणारी वजनाची झडपही त्याचीच. आपल्या शिट्टीची पणजी म्हणायची ती. जॉन एव्हलिन याच्या प्रसिद्ध रोजनिशीत १२ एप्रिल १६८२ च्या पानावर या भांड्यातल्या जेवणाची नोंद आहे. हाडं किती मऊ झाली याचं त्याला नवल वाटलं, आणि कोळसा किती थोडा लागला याचंही. साडेतीनशे वर्षांपूर्वीसुद्धा रोजनिशी लिहिणाऱ्याला इंधनाचा हिशेब मांडावासा वाटला, हे वाचून मला फार जवळचं वाटलं.

आपल्याकडे प्रेशर कुकरचे कारखाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले. हॉकिन्स १९५९ चा, मुंबईचा. त्याच्याही आधी, १९१० च्या सुमारास, कोलकात्यात डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर केला होता. खाली निखारे, वर डब्यांची उतरंड, आणि वाफेवर मंद शिजणारं सगळं जेवण. एकट्याने राहणाऱ्यांनी डबे लावावेत आणि कामाला जावं. दाब नव्हता त्यात, पण लावा आणि निश्चिंत व्हा हा विचार पुरा होता. विजेच्या प्रेशर कुकरचं पेटंट चीनमध्ये १९९१ साली मागितलं गेलं. २०१० मध्ये कॅनडात रॉबर्ट वाँग यांनी इन्स्टंट पॉट बाजारात आणला आणि तो अमेरिकाभर पसरला. आमच्या ओट्यावर ही सगळी वाट येऊन पोचली आहे.

संध्याकाळी राजमा. कुकरच्या पुस्तिकेत मंद आचेवर तासन् तास शिजवण्याची सोय दिली आहे. राजमा तिच्यावर कधीच लावायचा नाही. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते खळखळून उकळल्यावर जातं, अर्धवट तापवलं तर वाढूही शकतं आणि उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि दाबाखालीच शिजवायचा. वहीत हे लाल शाईने लिहिलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार. ऋषिपंचमी

काल गणपती बसले. आज ऋषीची भाजी. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परसातलं, हाताने पिकवलेलं. अळू, लाल माठ, अंबाडी, भोपळा, सुरण, पडवळ, दोडका, कच्चं केळं, मक्याची कणसं, ओले शेंगदाणे. तेल नाही, फोडणी नाही.

एवढ्या भाज्या एकदम दाबाखाली घातल्या तर पडवळाचं पाणी होतं आणि सुरण तेवढं उरतं. आईने दोन पाळ्या केल्या. आधी सुरण, मका, दाणे, केळं, चिंचेचा कोळ आणि अर्धी वाटी पाणी, पाच मिनिटं. दाब उतरल्यावर झाकण उघडून भोपळा आणि पालेभाज्या, शेवटी दोडका-पडवळ, आणि मग उघड्या भांड्यातच परतण्याच्या बटणावर रटरटू दिलं. भाज्यांना स्वतःचं पाणी सुटतं. बंद भांड्यात ते आटत नाही, म्हणून शेवट उघड्यावरच करायला हवा.

गॅसवर ही भाजी शिजताना वास जिन्यापर्यंत जायचा. आज झाकण उघडेपर्यंत घरात कसलाच वास नव्हता. उघडलं आणि सगळा एकदम आला, अळूचा, ओल्या दाण्यांचा, मक्याचा. आई ऐकू येत नसलं तरी वासावरून भाजी ओळखते. ती म्हणाली, "आतच राहिला होता गं." मग मिठाचा अंदाज घेऊन तिने भाजी उतरवली.

१ सप्टेंबर, सोमवार. गौरीपूजन

काल गौरी आल्या, आज जेवतात. पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या, पंचामृत, वडे.

चणाडाळ दोन तास भिजवून, दुप्पट पाणी, थोडं तेल. भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही. डाळीला फेस येतो, तो वाफेच्या वाटेत अडकला तर दाब नीट सुटत नाही. म्हणूनच डाळ, लापशी, साबुदाणा असलं काही लावल्यावर कळ फिरवून वाफ एकदम सोडायची नाही, आपली आपण उतरू द्यायची. पंधरा मिनिटं लावली होती. दाणा बोटात चुरगळला, पण आकार धरून होता. कट निथळून आमटीला काढला.

पुरण मात्र कढईत, गॅसवर. गूळ घातल्यावर त्यातलं पाणी उडून जायला हवं, उलथनं उभं राहायला हवं, आणि त्यासाठी उघडं भांडं आणि माणसाचा हात लागतो. पोळी तव्यावर, वडे तेलात. विजेच्या कुकरने सगळा स्वयंपाक होतो असं कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. शिजवणं त्याचं, घोटणं, भाजणं, फोडणी देणं आपलं.

पण एक गोष्ट आज झाली आणि ती मला लिहून ठेवायलाच हवी. डाळ शिजत होती तेव्हा आई गौरींसमोर बसली होती. साड्यांच्या निऱ्या तिने स्वतः लावल्या, मुखवटे पुसले, गजरे माळले, पूजा सुरू झाल्यावर आरती संपेपर्यंत उठली नाही. लहानपणापासून मी तिला सणावारी अर्धी बाहेर आणि अर्धी स्वयंपाकघरात पाहत आले आहे. आरतीच्या मधल्या कडव्याला ती "झाल्या वाटतं चार" म्हणून उठायची आणि गॅस बंद करून शेवटच्या घालीन लोटांगणाला परत यायची. घरातली बाकीची माणसं सण करत होती तेव्हा एकीचा कान ओट्याला बांधलेला होता, आणि त्याला कुणी काम म्हटलं नाही. स्वयंपाकातलं चिरणं, लाटणं, घासणं सगळ्यांना दिसतं. ही राखण दिसत नाही, म्हणून ती कधी वाटूनही घेतली गेली नाही. या भांड्याने चव वाढवली असं मी म्हणणार नाही, वीज किती वाचली तेही मोजलेलं नाही. त्याने राखण घेतली. माझ्या दृष्टीने त्याची किंमत तिथेच वसूल झाली.

१० सप्टेंबर, बुधवार

सण संपले, आज साफसफाई. झाकणाच्या आतली सिलिकॉनची रिंग काढून साबणाच्या कोमट पाण्यात ठेवली. ती वास धरते. आमटीच्या रिंगेवर खीर केली तर खिरीला हिंगाचा वास येतो. गोडासाठी दुसरी रिंग मागवली आहे. रिंग सैल पडली, चिरली, की दाब धरत नाही, मग ती बदलायचीच. पिनेचं भोक आणि वाफेची वाट बारीक ब्रशने साफ केली, त्यात डाळीचं साल अडकतं. बाहेरचं अंग नळाखाली धरायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. आतलं भांडं बाहेरून कोरडं केल्याशिवाय तबकडीवर ठेवायचं नाही. आणि प्लग थेट भिंतीत, लोंबत्या एक्स्टेंशनवर नाही.

दुपारी खालच्या मजल्यावरचे काका आले होते. काकू गेल्यापासून डब्यावर जेवतात. वरण-भात स्वतः करायला शिकायचाय म्हणाले, पण शिट्ट्यांचा अंदाज कधी येईल याची धास्ती होती. आईने त्यांना वहीचं शेवटचं पान दाखवलं आणि म्हणाली, "शिट्ट्या राहू द्या, मिनिटं आहेत." तिने साठ वर्षं कानाने जमवलेलं ज्ञान आता एका पानावर आलं आहे, आणि ज्याला वाचता येतं त्या कुणालाही ते उचलता येईल. बाईला, पुरुषाला, वसतिगृहातल्या पोराला, ऐकू न येणाऱ्याला.

मी पानाची प्रत ठळक अक्षरांत काढून ठेवली. काका रविवारी तूरडाळ घेऊन येणार आहेत. आधी रिंग कशी बसवायची आणि पिन कुठे बघायची ते शिकवायचं, मग पाणी, मग डाळ. शिकवणार आई आहे. मी फक्त तांदूळ निवडून देणार.